विश्लेषण : जखमी जवानाच्या आई-वडिलांचा वाटा कुठे आहे?

कर्तव्यावर जायबंदी झालेल्या जवानाचे अपंगत्व सरकार टक्क्यांत मोजते आणि त्यानुसार निवृत्तिवेतन ठरवते. मात्र, त्या जवानाच्या कमाईवर जगणारे आणि पुढे त्याचीच शुश्रूषा करणारे आई-वडील या हिशेबात कुठेच नसतात. नियम काय सांगतात, दाखल्यांची गाडी कुठे अडते आणि काय बदलायला हवे?

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीचे नावच बोलके आहे. अशा गावांत फौजेत गेलेला मुलगा म्हणजे घराचा मुख्य आधार. बहीणभावंडांचे शिक्षण, विहिरीचे कर्ज, वडिलांचे औषधपाणी हे सारे त्याच्या पगारावर चालते. हा मुलगा हुतात्मा झाला तर आई-वडिलांना ‘वीरमाता’, ‘वीरपिता’ म्हणून सन्मान मिळतो, निदान स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात खुर्ची तरी मिळते. पण तो पाय गमावून, मणका मोडून जिवंत परतला, तर त्याच्या आई-वडिलांसाठी सरकारदरबारी वेगळा शब्दही नाही. हा केवळ शब्दाचा प्रश्न नाही. शब्द नाही म्हणून रकाना नाही आणि रकाना नाही म्हणून रक्कम नाही.

अपंगत्व निवृत्तिवेतन ठरते कसे?

या निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात. पहिला ‘सेवा घटक’ आणि दुसरा ‘अपंगत्व घटक’. अपंगत्वामुळे सेवामुक्त झालेल्या जवानाला सेवा घटकासाठी 15 वर्षांच्या सेवेची अट लागत नाही. अपंगत्व घटक मात्र तेव्हाच मिळतो, जेव्हा ते अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे वाढले, असे मान्य होते. शंभर टक्के अपंगत्वासाठी हा घटक अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के असतो आणि अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी होतो. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना जखमी झालेल्यांसाठी ‘युद्धजखमी निवृत्तिवेतन’ असून त्याचे दर अधिक आहेत.

यात जवानाच्या बाजूची एक सुधारणा महत्त्वाची आहे. वैद्यकीय मंडळाने ठरवलेली टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेली जाते. 50 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व 50 धरले जाते, 50 ते 75 च्या दरम्यानचे 75 आणि 76 पासून पुढचे 100. हा लाभ केवळ अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्यांनाच द्यायचा, ही सरकारची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 2014 रोजी राम अवतार खटल्यात अमान्य केली. त्याआधी, जुलै 2013 मध्ये, धरमवीर सिंग खटल्यात न्यायालयाने आणखी मूलभूत गोष्ट सांगितली होती. भरतीच्या वेळी तंदुरुस्त असलेल्या जवानाला सेवाकाळात आजार जडला, तर तो सेवेमुळेच जडला असे गृहीत धरायचे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची.

आता हिशेब पाहू. समजा, एका जवानाचे निवृत्तिवेतनासाठी मोजले जाणारे अखेरचे वेतन 40,000 रुपये आहे आणि अपंगत्व 40 टक्के आहे. ते 50 टक्के धरले जाईल. सेवा घटक निम्मा, म्हणजे 20,000 रुपये. अपंगत्व घटक 30 टक्क्यांच्या निम्मा, म्हणजे 6,000 रुपये. एकूण 26,000 रुपये आणि त्यावर महागाई दिलासा. या गणितात वेतन आहे, टक्केवारी आहे. घरात खाणारी तोंडे किती, हे कुठेच नाही. एकटा जवान असो की अंथरुणाला खिळलेले वडील आणि गुडघे गेलेली आई सांभाळणारा, रक्कम तीच.

मुलगा हयात असताना आई-वडिलांना काय मिळते?

रोख रकमेच्या रूपात काहीही नाही. जे मिळते ते वैद्यकीय संरक्षण. माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, 1 एप्रिल 2003 पासून लागू आहे. तिच्यात अवलंबित आई-वडिलांचा समावेश होतो. म्हातारपणी हृदयाची शस्त्रक्रिया किंवा डायलिसिस कोणत्याही शेतकरी कुटुंबाला कर्जात लोटू शकते, हे लक्षात घेता हा लाभ मोठा आहे आणि तो न घेणे म्हणजे आपणहून नुकसान करून घेणे आहे.

पण ‘अवलंबित’ कोण? ज्यांचे सर्व मार्गांनी येणारे मासिक उत्पन्न 9,000 रुपये आणि त्यावरील महागाई भत्ता यांच्या आत आहे, ते. ही 9,000 ची रक्कम म्हणजे केंद्र सरकारच्या किमान कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम. जुलै 2025 पासूनच्या 58 टक्के दराने ही मर्यादा 14,220 रुपये होते. महागाई भत्त्याशी जोडलेली असल्याने ती दर सहा महिन्यांनी थोडी सरकते, ही तिची जमेची बाजू. मात्र, गावातल्या अनेक कुटुंबांना केवळ 9,000 चा आकडा माहीत असतो. ‘आमचे उत्पन्न बसत नाही’ असे समजून ते अर्जच करत नाहीत. एसटी महामंडळातून किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या वडिलांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून दोन-तीन हजार रुपये मिळत असतील, तर तेवढ्याने ते अपात्र ठरत नाहीत. एकूण उत्पन्न मर्यादेच्या आत असले की पुरे.

उत्पन्नाच्या मोजणीत खरी अडचण शेतीची आहे. ऊस वर्षातून एकदा जातो, कांद्याचा भाव एका वर्षी हसवतो आणि दुसऱ्या वर्षी रडवतो. सातबारावर वडिलांच्या नावे तीन एकर दिसतात, प्रत्यक्षात ती जमीन तीन भाऊ कसतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एका वर्षाचे चित्र दाखवतो. त्यावर वृद्धांच्या आयुष्यभराच्या उपचारांचा निर्णय टांगलेला असतो.

सांभाळणाऱ्या आईची मजुरी कोण मोजणार?

शंभर टक्के अपंगत्व असलेल्या आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय दैनंदिन व्यवहार करू न शकणाऱ्या जवानाला, वैद्यकीय मंडळाची शिफारस असल्यास, ‘सतत देखभाल भत्ता’ मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा 6,750 रुपये करण्यात आला. जवान रुग्णालयात भरती असतानाच्या काळासाठी तो दिला जात नाही.

पुण्याला लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे. खडकीला मणक्याच्या दुखापतीने कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे आणि अपंग सैनिकांना हातचे काम शिकवणारी, 1917 साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटही आहे. या संस्थांचे काम मोलाचे आहे. पण बहुसंख्य जखमी जवान अखेर घरी जातात. लग्न झाले नसेल, तर त्यांना कुशीवर वळवण्याचे, आंघोळ घालण्याचे, शय्याव्रण होऊ नयेत म्हणून रात्री उठण्याचे काम साठीतली आई करते. बाहेरून माणूस ठेवला तर 6,750 रुपयांत दिवसभराचा परिचारक कोणत्याही शहरात मिळत नाही. म्हणजे हा भत्ता आईच्या फुकट श्रमांवर टेकलेला आहे. तो जवानाच्या खात्यात जमा होतो हे योग्यच. मात्र, देखभाल करणारी व्यक्ती म्हणून आईची नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे तिला ना प्रशिक्षण, ना विश्रांतीची सोय, ना उद्या तिचेच हातपाय थकले तर काय, याचे उत्तर.

जवानाच्या मृत्यूनंतर हक्क कोणाचा?

इथे तीन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्यानेच बहुतेक वाद होतात. मृत्यू सेवेशी संबंधित नसेल तर ‘साधारण’ कुटुंब निवृत्तिवेतन, त्याचा दर अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के. मृत्यू सेवेमुळे झाला असेल तर ‘विशेष’, दर 60 टक्के. युद्धात किंवा अतिरेकी हल्ल्यासारख्या परिस्थितीत झाला असेल तर ‘उदारीकृत’, दर 100 टक्के.

साधारण निवृत्तिवेतनात आधी पत्नी, मग पात्र अपत्ये. दोन्ही नसतील तरच आई-वडील, तेही वर सांगितलेल्या उत्पन्नमर्यादेत असतील तर. त्यातही प्रथम आईला आणि तिच्या पश्चात वडिलांना. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. मुळात, आई-वडिलांना साधारण कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला तोच 1998 पासून. 

उदारीकृत प्रकारात अविवाहित जवानाच्या आई-वडिलांसाठी नियम अधिक उदार आहे. तिथे त्यांची सांपत्तिक स्थिती पाहिली जात नाही. दोघेही हयात असतील तर उदारीकृत निवृत्तिवेतनाच्या 75 टक्के आणि एकच असेल तर 60 टक्के रक्कम मिळते. वरच्या उदाहरणातल्या 40,000 रुपये वेतनाच्या जवानाचा असा मृत्यू झाला, तर दोघांना 30,000 रुपये मिळतील. तोच जवान जखमी होऊन घरी आला, काही वर्षांनी वेगळ्याच आजाराने गेला आणि मृत्यूचा संबंध मान्य अपंगत्वाशी जोडला गेला नाही, तर आई-वडिलांच्या हाती साधारण दराने 12,000 रुपये येतील, तेही उत्पन्नाच्या दाखल्यावर. मूळ जखम तीच, वर्षानुवर्षे सेवा करणारे हात तेच. फरक पडतो तो मृत्यूच्या दाखल्यावरील कारणामुळे.

म्हणूनच जखमी जवानाच्या कुटुंबाने एक गोष्ट कधीही विसरू नये. मृत्यूचे कारण नोंदवताना डॉक्टरांना मूळ जखमेचा इतिहास सांगणे आणि वैद्यकीय मंडळाचा जुना अहवाल दाखवणे आवश्यक आहे. मणक्याच्या जखमेमुळे वारंवार होणाऱ्या मूत्रसंसर्गातून मूत्रपिंडे निकामी झाली असतील आणि दाखल्यावर केवळ ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिले गेले, तर पुढची सारी लढाई त्या एका ओळीशी करावी लागते.

‘निकटतम नातेवाईक’ वादाने काय दाखवले?

जुलै 2023 मध्ये सियाचिनमधील आगीत सहकाऱ्यांना वाचवताना लष्कराच्या वैद्यकीय सेवेतील कॅप्टन अंशुमन सिंह यांना वीरमरण आले. जुलै 2024 मध्ये त्यांना मरणोत्तर कीर्ती चक्र प्रदान झाले. त्यानंतर त्यांच्या आई-वडिलांनी ‘निकटतम नातेवाईक’ ठरवण्याचे नियम बदलावेत, अशी मागणी केली आणि देशभर चर्चा पेटली. दुर्दैवाने ती लवकरच एका तरुण विधवेवरील शेरेबाजीत अडकली आणि मूळ प्रश्न बाजूला पडला.

मूळ प्रश्न असा की, ‘निकटतम नातेवाईक’, ‘नामनिर्देशित’ आणि ‘निवृत्तिवेतनास पात्र’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विम्याची आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम नामनिर्देशनाप्रमाणे मिळते आणि ती पत्नी व आई-वडील यांच्यात टक्केवारीने वाटून देण्याची मुभा जवानाला असते. निवृत्तिवेतन मात्र नामनिर्देशनावर चालत नाही. ते नियमात दिलेल्या क्रमाने जाते. लग्नानंतर नामनिर्देशन बदलताना अनेक जवान संपूर्ण रक्कम पत्नीच्या नावे करतात. आई-वडिलांना डावलण्याचा त्यांचा हेतू नसतो. निवृत्तिवेतनात आई-वडिलांचाही काही भाग असेलच, असे ते धरून चालतात. तो नसतो. ही माहिती भरतीच्या वेळी आणि पुन्हा लग्नाची नोंद करताना, जवानाला त्याच्या भाषेत समजावून सांगितली गेली, तर अर्धे तंटे होणारच नाहीत.

अमेरिकेत काय व्यवस्था आहे?

माजी सैनिकांच्या अपंगत्वाची भरपाई देताना अमेरिका एक गोष्ट वेगळी करते. एकत्रित अपंगत्व 30 टक्के किंवा अधिक असेल, तर पती किंवा पत्नी आणि मुलांप्रमाणेच अवलंबित आई-वडिलांसाठीही दरमहा जादा रक्कम मिळते. ती मोठी नाही. 2025 च्या दरांनुसार 30 टक्के अपंगत्वावर एका पालकामागे सुमारे 50 डॉलर, तर 100 टक्क्यांवर सुमारे 170 डॉलर. पण ती पत्नीच्या वा मुलांच्या वाट्यातून कापली जात नाही. ती वाढीव असते. त्यासाठी ‘21पी-509’ हा स्वतंत्र अर्ज असून त्यात आई-वडिलांचे उत्पन्न, मालमत्ता आणि खर्च नोंदवायचा असतो.

‘पालक’ या शब्दाची तिथली व्याख्याही व्यापक आहे. दत्तक घेणारे, सावत्र, तसेच सैन्यात जाण्यापूर्वी किमान एक वर्ष आई-वडिलांच्या जागी राहून सांभाळ करणारे यांचा त्यात समावेश होऊ शकतो. आपल्याकडे आजीने किंवा मामाने वाढवलेले जवान कमी नाहीत. आपल्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या यादीत मात्र आजी बसत नाही.

अमेरिकेची व्यवस्था निर्दोष आहे, असे मात्र नाही. आई-वडील निर्विवाद अवलंबित ठरण्यासाठीची तिथली उत्पन्नमर्यादा एका पालकासाठी महिना 400 डॉलर, तर एकत्र राहणाऱ्या दोघांसाठी 660 डॉलर आहे. म्हणजे एका पालकासाठी वर्षाला 4,800 डॉलर. अमेरिकेचीच 2025 ची एका व्यक्तीसाठीची दारिद्र्याची रेषा 15,650 डॉलर आहे. सरकारी व्याख्येने दरिद्री असलेली आईसुद्धा या मर्यादेच्या तिपटीहून वर असू शकते. मग तिची गरज कागदोपत्री सिद्ध करत बसावे लागते. मर्यादा महागाईशी न जोडल्याचा हा परिणाम. या बाबतीत आपली महागाई भत्त्याशी जोडलेली मर्यादा अधिक शहाणी आहे. दोन्हींतले चांगले घ्यायचे ठरवले, तर उत्तर सोपे आहे. मर्यादा आपली ठेवावी आणि वाढीव रकमेचे तत्त्व त्यांचे घ्यावे.

अग्निवीरांच्या आई-वडिलांचे काय?

हा प्रश्न आता आणखी तातडीचा झाला आहे. 2022 मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत भरतीसाठी उमेदवार अविवाहित असावा लागतो. चार वर्षांच्या सेवेतही तो अविवाहितच राहतो. म्हणजे अग्निवीराचे अवलंबित म्हणजे त्याचे आई-वडील, दुसरे कोणी असण्याची शक्यताच जवळपास नाही.

सेवेमुळे अपंगत्व आल्यास अग्निवीराला 100, 75 किंवा 50 टक्के या टप्प्यांनुसार अनुक्रमे 44 लाख, 25 लाख किंवा 15 लाख रुपयांचे एकरकमी सानुग्रह अनुदान मिळते. त्याबरोबर उरलेल्या काळाचे वेतन आणि सेवा निधी. निवृत्तिवेतन नाही. माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि त्यामुळे ईसीएचएसचे छत्रही नाही. ही रक्कम लहान वाटत नाही. पण विशीत दोन्ही पाय गमावलेल्या मुलाचे पुढचे 50 वर्षांचे आयुष्य आणि त्याच्या आई-वडिलांचे म्हातारपण तीत बसवायचे आहे. एकरकमी पैसा गावात कसा जातो, हे धरणग्रस्तांच्या मोबदल्याने महाराष्ट्राने पाहिले आहे. घर बांधले जाते, बहिणीचे लग्न होते, नातलगांची उसनवारी सुरू होते. दरमहा येणारी छोटी रक्कम जे करते, ते एकदाच आलेली मोठी रक्कम करू शकत नाही. किमान गंभीर अपंगत्व आलेल्या अग्निवीराला आणि त्याच्या आई-वडिलांना आजीवन वैद्यकीय संरक्षण देणे, ही सरकारवर फार मोठी आर्थिक कुऱ्हाड ठरणार नाही.

हक्क आहे, तर अडते कुठे?

बहुतेक वेळा नावात. जवानाच्या सेवापुस्तिकेत आईचे नाव ‘लक्ष्मी’, आधारवर ‘लक्ष्मीबाई’ आणि बँकेत आणखी तिसरेच. वडिलांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना 1 जून लिहिलेली, मतदार ओळखपत्रावर नुसते वय. निवृत्तिवेतनाचे काम ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर गेल्यापासून ही तफावत अधिक बोचते. पूर्वी ओळखीचा कारकून ‘हे आमच्याच गावचे बाबा’ म्हणून कागद पुढे सरकवायचा, संगणक सरकवत नाही.

म्हणून सेवेत असतानाच काही कामे उरकून घेणे शहाणपणाचे. आई-वडिलांची नावे आणि जन्मतारखा ‘पार्ट टू ऑर्डर’द्वारे सेवा नोंदीत अचूक आल्या आहेत ना, हे पाहावे. आधार, पॅन आणि बँक खाते त्या नावाशी जुळवून घ्यावे. आवश्यक तेथे प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नावबदल करून ठेवावा. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी काढून जपावा, कारण अवलंबित्व किती काळापासून आहे, हे जुने दाखलेच सांगतात. आई-वडिलांना दरमहा पाठवलेले पैसे बँकेमार्फत पाठवावेत. रोख दिलेल्या पैशाला साक्षीदार नसतो. सेवामुक्तीनंतर ईसीएचएसच्या अर्जात आई-वडिलांची नावे पहिल्याच वेळी घालावीत.

यात मदतीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. सेवा नोंदीतली दुरुस्ती संबंधित अभिलेख कार्यालयात होते. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी ते बेळगावला, तर महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागरला. एखाद्या साठीतल्या बापाने नांदेडहून सागरला हेलपाटे घालावेत, अशी अपेक्षाच चुकीची आहे. अर्ज जिल्हा कार्यालयात स्वीकारून, पोच देऊन तिथूनच पाठपुरावा व्हायला हवा.

अर्ज फेटाळला गेला तर प्रथम लेखी कारण मागावे, मग अपील करावे. त्यानंतर 2007 च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा मार्ग मोकळा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. आणि एखाद्या घरात मुलगाच सांभाळत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे दरमहा 10,000 रुपयांपर्यंतचा निर्वाहखर्च मागता येतो. गणवेश घातलेला मुलगा त्याला अपवाद नाही.

आक्षेप काय आणि उत्तर काय?

पहिला आक्षेप खर्चाचा. संरक्षण निवृत्तिवेतनाचा बोजा आधीच मोठा आहे, त्यात भर नको, असे म्हटले जाते. पण इथे मागणी सर्व निवृत्तांच्या आई-वडिलांसाठी नाही. ती सेवेमुळे गंभीर अपंगत्व आलेल्यांच्या, तेही उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या आई-वडिलांपुरती आहे. वृद्धापकाळामुळे हा लाभ अल्पकाळचाही असतो.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा. निवृत्तिवेतन हा सेवेचा मोबदला आहे, घरातल्या गरजेचा नाही. सेवा घटकाबाबत हे पूर्ण खरे आहे. पण अपंगत्व घटक मोबदला नसून भरपाई आहे. भरपाई नुकसानीची असते. आणि मुलगा जायबंदी झाल्याने आई-वडिलांचे नुकसान दुहेरी असते. त्यांचा आधार जातो आणि त्यांच्यावर नवा भार येतो.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. आई-वडिलांना वाटा देणे म्हणजे पत्नीचा हक्क कापणे. अशी कोणतीही तडजोड नाकारलीच पाहिजे. अपंग जवानाशी संसार करणाऱ्या किंवा विशीत विधवा झालेल्या स्त्रीच्या तुटपुंज्या रकमेतून सासूसासऱ्यांचा हिस्सा काढणे म्हणजे दोन गरजूंना एकमेकांसमोर उभे करणे. म्हणूनच वाटणी नको, वाढ हवी. आई-वडिलांसाठी वेगळी, लहान, पण निश्चित रक्कम असेल, तर सून आणि सासू यांच्यात सरकारने पेरलेले भांडण आपोआप कमी होईल.

काय करता येईल?

करण्यासारखे बरेच काही आहे आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींना पैसाही लागत नाही. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या मंजुरी आदेशावरच अवलंबित आई-वडिलांची नावे छापली जावीत, म्हणजे पुढे हक्क उद्भवल्यास ओळख नव्याने सिद्ध करावी लागणार नाही. शेतकरी आई-वडिलांचे उत्पन्न एका वर्षाऐवजी तीन वर्षांच्या सरासरीने मोजावे. 70 वर्षांपुढील पालकांना दरवर्षी दाखला मागण्याऐवजी स्वघोषणापत्र पुरेसे मानावे. सतत देखभाल भत्ता घेणाऱ्या जवानाची देखभाल करणाऱ्या व्यक्तीची नोंद व्हावी आणि तिला वर्षातून काही दिवस विश्रांती मिळावी, यासाठी खडकीसारख्या केंद्रांत जवानाच्या तात्पुरत्या मुक्कामाची सोय व्हावी. आणि 50 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या जवानाच्या अवलंबित आई-वडिलांसाठी वाढीव मासिक रक्कम सुरू करावी. आरंभी ती कमी असली तरी चालेल, पण महागाईशी जोडलेली असावी.

लष्कर भरतीच्या मेळाव्यात वडील मुलाला सोडायला येतात, तेव्हा मुलगा अल्पवयीन असेल तर त्यांच्याकडून संमतीची सही मागितली जाते. मुलगा देताना ज्यांची सही लागते, तो जखमी होऊन परत आल्यावर त्यांच्या नावाला एक रकाना देणे अवघड नसावे.